स्वतः घातलेला पत्रा दर पावसात गळतोय? कोकणातल्या घरांसाठी तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

नुसतं "गळतंय" म्हणून भागत नाही. कधी गळतं आणि कसं गळतं हे आधी दोन दिवस नीट बघा, अर्धं काम तिथेच होतं.

सरळ पाऊस तासन्‌तास पडला तरी थेंब नाही, पण वारा सुटून पश्चिमेकडून झड आली की दहा मिनिटांत टपकायला लागतं, असं असेल तर जोड नाहीतर आढ्यावरची टोपी, म्हणजे वर दोन्ही उतार मिळतात ती फट झाकणारा पत्रा. पाऊस सुरू झाल्या झाल्या एकाच जागी टपटप आणि पाऊस थांबला की पाच मिनिटांत बंद, तर बहुतेक स्क्रू किंवा भोक. पाऊस थांबून तास झाला तरी ठिबकतंच आहे, म्हणजे पाणी कुठेतरी अडून साठलंय. पत्र्याखालचा सांगाड्याचा लोखंडी पाईप कोरडा पण भिंतीवरून ओल खाली उतरते, तर संशय पत्र्यावर नाही, भिंतीवर घ्यायचा. स्क्रूच्या खाली आतून तांबूस ओघळ दिसतो, तर तिथे पाणी बऱ्याच दिवसांपासून येतंय, आज नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी, पाऊस नसताना थेंब पडतात, ही गोष्ट पूर्ण वेगळी आहे, खाली सांगतो.

वाऱ्यात पत्रा धडधड वाजतो असं असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

हे मी का लिहितोय तर २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या घराची निम्मी कौलं खळ्यात येऊन पडली, तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि दिवाळीनंतर मी नि चुलतभावाने मिळून जुनं छप्पर उतरवून लोखंडी पाईपचा सांगाडा करून घेतला आणि त्यावर स्वतःच पत्रा घातला. पुढच्या पावसात सात ठिकाणी गळलं. ती सात भोकं शोधता शोधता शिकलो, मग मामाकडचं छप्पर, मग वाडीतली पाच-सहा घरं. प्रत्येक ठिकाणी कारणं तीच तीच निघतात आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी आधी डांबर नाहीतर सिलिकॉनच्या चार ट्यूब ओतलेल्या असतात, त्यामुळे खरं भोक कुठे होतं तेच झाकलं जातं. म्हणून पहिली विनंती, कारण सापडेपर्यंत वरून काहीही फासू नका.

दुसरी गोष्ट, पाणी टपकतं तिथे भोक नसतं. ते वर कुठेतरी आत शिरतं, पत्र्याच्या खालच्या अंगाने किंवा पाईपवरून उतरतं आणि जिथे अडथळा मिळेल तिथे सुटतं. आमच्या माजघरात टपकायचं आणि भोक होतं साडेचार फूट वर, आढ्याजवळ. शोध नेहमी थेंबापासून चढाच्या दिशेने घ्यायचा.

आधी फुकटातलं: गळती आहे की घाम?

मामी मला म्हणाली होती, "अरे पाऊस नाय नि वरून पाणी कसं पडतं रे?" जानेवारी होता. रात्री आभाळ मोकळं असलं की पत्रा पटकन गार पडतो, आपल्याकडे हवेत दमटपणा कायमचा, आणि घरातली गरम ओलसर हवा त्या गार पत्र्याला लागली की खालून दव धरतं. त्यात मामीची चूल आणि पहाटेचं आंघोळीचं पाणी त्याच पडवीत. ओळखायची खूण सोपी, गळती एका जागी असते आणि घाम सगळ्या पत्र्याला सारखा फुटलेला असतो, हात फिरवला की अख्खा पंजा ओला. याला वरून कितीही सील मारा, उपयोग शून्य. हवा खेळती करा, आढ्याजवळ वाफ बाहेर जायला वाट द्या, चुलीचा धूर बाहेर काढा. नवीन पत्रा घालणार असाल तर पत्रा आणि पाईपच्या मधे इन्सुलेशनचा फॉईल रोल आधीच टाका, मागाहून तो टाकायचा म्हणजे सगळा पत्रा उचलावा लागतो.

पन्हळ आणि पाला

हे इतकं साधं आहे की कोणी बघत नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसाला १०० मिलीमीटर पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं, ते सगळं एका पन्हळीतून जायचं. फणसाची चार पानं पन्हळीचं पाणी खाली सोडणाऱ्या पाईपच्या तोंडाशी बसली की पन्हळ भरते आणि पाणी पत्र्याच्या टोकाखालून उलटं भिंतीकडे येतं. वर दोन पाखी मिळतात त्या नाळेतही आंब्याचा पाला कुजून चिखल होतो, तो स्पंजासारखा पाणी धरतो, पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबकणारी घरं बहुतेक हीच. शिवाय ओला पाला पत्र्याला चिकटून राहिला की खाली गंज लवकर धरतो.

आगोटीची कामं चालू असतात तेव्हाच, म्हणजे मृग लागायच्या आत, छप्पर झाडून घ्या. जमलं तर शिडीवरूनच लांब काठीच्या झाडूने. गणपतीच्या आधी उघडीप मिळाली की परत एकदा.

उजेड आणि खडू

भर दुपारी घरात अंधार करून, दारं-खिडक्या लावून वर बघा. सुईएवढं भोक असलं तरी ताऱ्यासारखं चमकतं. दिसलं की लगेच खालून खडूने गोल करा, कारण वर गेल्यावर ते परत सापडत नाही. जवळच्या भिंतीपासून आणि पाईपपासून किती फूट ते मोजून कागदावर लिहा.

भोक दिसलं नाही तर माझी खडूची पद्धत सांगतो. टपकतं त्या जागेच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या खालच्या बाजूवर, हात पोचेल तिथपर्यंत एकेक फुटावर आडव्या खडूच्या रेघा मारायच्या. पाऊस पडला की ज्या रेघा मधेच धुतल्या गेल्या तीच पाण्याची वाट, आणि सगळ्यात वरची पुसलेली रेघ नि तिच्या वरची शाबूत रेघ यांच्या मधे भोक. दहा रुपयांच्या खडूत होतं, आणि पावसात वर चढायला लागत नाही.

पाऊस नसेल तर पाण्याचा पाईप. एकजण आत टॉर्च घेऊन, एकजण बाहेर. पाणी खालून वर न्यायचं, आधी पागोळीकडचा भाग पाच ते दहा मिनिटं, मग एक हात वर, मग आणखी वर. लोक उत्साहाने थेट आढ्यावर पाणी सोडतात, मग ते सगळ्या जोडांवरून वाहतं आणि कुठलं गळतंय कळतच नाही. आतल्याने "आलं" म्हटलं की तिथेच थांबायचं.

स्क्रू

मी बघितलेल्या गळक्या छपरांत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच, आणि स्वतः पत्रा घातलेल्या घरांत तर हमखास, कारण हा हाताच्या अंदाजाचा विषय आहे आणि तो अंदाज पन्नासेक स्क्रू मारल्याशिवाय येत नाही.

स्क्रूच्या डोक्याखाली एक पत्र्याची चकती आणि तिच्या पोटात काळं रबर असतं. पाणी अडवतं ते रबर. ड्रिल मशीन दाबून धरलं की रबर चकतीबाहेर फुटून येतं, आणि पत्रा तिथे वाटीसारखा दबतो, मग त्या वाटीत पाणी साठतं आणि फाटलेल्या रबरातून आत येतं. ढिला ठेवला तर चकती बोटाने फिरते. तिरका गेला तर एका बाजूने रबर टेकतच नाही. बरोबर बसलेला स्क्रू जवळून बघितला तर चकतीच्या कडेने रबराची बारीक काळी किनार सगळीकडून सारखी दिसते, ना फुगलेली ना आत गेलेली. मशीनने शेवटपर्यंत आवळू नका, शेवटचा अर्धा फेरा ८ नंबरच्या पान्याने हाताने द्या. जास्त वेळ लागतो, पण मी आता असंच करतो.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा की खालच्या सपाट भागात, यावर वाद आहे. सपाट भागात तो घट्ट बसतो हे खरं, पण आपल्याकडे चार महिने त्या सपाट भागातून ओढा वाहत असतो, आणि रबर जरा म्हातारं झालं की पाणी आत. माझं मत उंचवट्यावरच, फक्त उंचवटा चेपेल इतका आवळायचा नाही.

सुटलेला स्क्रू काढून त्याच भोकात त्याच मापाचा नवीन मारू नका, तो पकड घेत नाही. ५.५ मिलीमीटरचा असेल तर ६.३ चा जाड स्क्रू घ्या. भोक लांबट झालं असेल तर नुसता स्क्रू पुरत नाही, खाली ब्यूटाईल टेपचा (मऊ, चिकट रबरी टेपचा) तुकडा लावून वर मोठ्या चकतीचा स्क्रू. भोकं लांबट का होतात तर पत्रा तापला की वाढतो, वीस फुटांचा पत्रा मे महिन्याच्या दुपारी आणि पहिल्या पावसाच्या सरीत मिळून तीनेक मिलीमीटर पुढेमागे होतो, रोज. अगदी लांब पत्र्याला शेवटच्या स्क्रूंवर हा ताण सगळ्यात जास्त येतो.

आणि ड्रिल केल्यावर जो लोखंडाचा कीस पडतो तो त्याच दिवशी मऊ झाडूने झाडा. खाऱ्या हवेत एका रात्रीत त्याचे तांबूस ठिपके पडतात आणि ते पत्र्याच्या कोटिंगमधे घुसतात. ग्राइंडरने पत्रा कापला तरी तेच, कापलेल्या कडेचं कोटिंग जळतं आणि ठिणग्या शेजारच्या पत्र्यावर चिकटतात. हाताने कातरीने कापा.

स्क्रू बघताना डिश अँटेनाचे पाय, पाण्याच्या टाकीचा पाईप, वायरसाठी पाडलेलं भोक, हे पण बघा. एका घरात दोन वर्षं गळत होतं आणि कारण होतं डिशच्या एका पायाचा बोल्ट, रबराशिवाय मारलेला.

आढं आणि भिंतीची कड

झडीत गळणाऱ्या घरांनी इथे बघायचं. आढ्यावरच्या टोपीखाली पत्र्याच्या उंचवट्यांमधल्या खोलगट नाळी उघड्या राहतात, वारा पाण्याला त्यातून चढावर ढकलतो. दोन उपाय, टोपीखाली पत्र्याच्या आकाराची फोमची पट्टी भरायची, आणि पत्र्याच्या वरच्या टोकाला प्रत्येक नाळीत पक्कडने धरून कड वर वळवायची, म्हणजे ढकललेलं पाणी तिथे अडून परत खाली येतं. दुसऱ्या उपायाला खर्च काहीच नाही, पण पत्रा बसवतानाच केला तर सोपा, नंतर टोपी काढावी लागते.

पडवीचा पत्रा जिथे मुख्य भिंतीला टेकतो तिथे आपल्याकडे सरसकट सिमेंटचा माल थापतात. याने दोन गोष्टी होतात. पत्रा रोज हलतो, माल हलत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात बारीक चीर पडते. आणि ओलं सिमेंट गॅल्व्हल्युमच्या (जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) कोटिंगला खातं, त्या कोटिंगमधे निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियम असतं आणि त्याला सिमेंट-चुन्याचं तिखटपण सोसत नाही. बरोबर पद्धत म्हणजे भिंतीवर सहा इंच तरी वर चढणारी पत्र्याची पट्टी, तिची वरची कड भिंतीत इंचभर खाच पाडून आत घातलेली, आणि ती खाच सीलंटने भरलेली. सीलंट घेताना ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघा. ज्या सिलिकॉनला आंबट वास येतो ते पत्र्याला गंजवतं.

एवढं करूनही भिंतीवरून ओल उतरत असेल तर चिऱ्याची भिंत बघा. जांभा दगड सच्छिद्र, प्लास्टर नसलेली पश्चिमेची भिंत झडीत पाणी पिते आणि ते आतल्या आत पट्टीच्याही खाली येऊन बाहेर पडतं. तपासायला एक दिवस पुरतो, पट्टीच्या वरच्या भिंतीवर प्लास्टिक ताणून बांधा, झडीच्या एका पावसात ठिबकणं थांबलं तर दोष भिंतीचा. जुने लोक पश्चिमेला नारळाची झापं बांधायचे ते याचसाठी.

पत्र्याचे जोड

आता जरा अवघड. बाजूचा जोड कुठल्या दिशेला उघडतो ते बघा. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून वरच्या पत्र्याची मोकळी कड पूर्वेला हवी. पूर्व-पश्चिम लांब घरावर पत्रा घालायला सुरुवात पूर्वेच्या टोकापासून करायची आणि पश्चिमेकडे यायचं, म्हणजे प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि कड आपोआप वाऱ्याला पाठ करते. आम्ही सोयीचं म्हणून रस्त्याकडून, पश्चिमेकडून सुरू केलं होतं. सातातल्या चार गळत्या त्याच्या. उलटा घातलेला असेल तर सगळा उचलायची गरज नाही, जोडातले स्क्रू ढिले करून आत ब्यूटाईल टेप सरकवा, परत आवळा आणि दोन पाईपच्या मधे पत्र्याला पत्रा जोडणारे बारीक स्क्रू मारा.

खाली-वरचा जोड कमीत कमी सहा इंच, चढ कमी असेल तर आठ-दहा इंच आणि मधे टेप. दोन पत्रे एकमेकांना अगदी चिकटले की पाणी फटीतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून टेप जोडाच्या वरच्या टोकाजवळ हवी, खालच्या तोंडाशी लावली तर आत शिरलेलं पाणी बाहेरच पडत नाही.

चढच कमी असेल, म्हणजे चार फुटाला एक फुटापेक्षा बराच कमी, तर मात्र टेप-सीलंटवर वर्षं काढता येत नाहीत. कौलांच्या जुन्या उतारावर घातलेले पत्रे सहसा गळत नाहीत आणि स्लॅबवर शेड म्हणून सपाट घातलेले गळतात, ते याचमुळे. हे काम सांगाडा उचलण्याचं आहे.

ऐन जुलैत गळायला लागलं तर

वर चढू नका. ओला पत्रा, त्यावर शेवाळ, याच्याइतकं निसरडं काही नाही. टपकणाऱ्या जागी सुतळी बांधून तिचं दुसरं टोक बादलीत सोडा, पाणी सुतळीवरून निमूट उतरतं, शिंतोडे उडत नाहीत. खडूच्या रेघा मारून ठेवा. दोन दिवस उघडीप मिळाली की कोरड्या पत्र्यावर काम करा, ओल्यावर कुठलीच टेप धरत नाही. चढाल तेव्हा पाय फक्त स्क्रूच्या ओळीवर, कारण पाईप तिथे आहे, मधे पाय पडला की पत्रा चेपतो आणि जोड उघडतो. कंबरेला दोर, खाली माणूस.

इथे थांबा, माणूस बोलवा

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच खाली. मेन स्विच सुरक्षित पोचता येत असेल तर बंद करा, घरातल्यांना पत्र्यापासून आणि लोखंडी खांबांपासून लांब ठेवा आणि वायरमनला बोलवा. सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर महावितरणला कळवा, वायर स्वतः काठीने सरकवायची नाही.

स्क्रू नुसताच फिरतो, जाड स्क्रूही पकडत नाही, आणि हातोडीने टोकलं तर पाईप खणखणीत न वाजता भद्द वाजतो, म्हणजे पाईप आतून गंजलाय. त्याच्यावर उभं राहू नका. फॅब्रिकेटरला बोलवा, पत्र्याचं नंतर.

वाऱ्यात पत्रा धडधडत असेल तर तो गळण्याचा विषय नाही, उडण्याचा आहे. वारा सगळ्यात जोरात कडांना आणि कोपऱ्यांना उचलतो, निसर्गमधे आमच्या वाडीत जे पत्रे गेले ते कोपऱ्यापासून सुटले. काही ठिकाणी पत्रा पाईपला घट्ट होता, पण पाईप भिंतीला नुसता टेकवून माल भरलेला, मग सगळा सांगाडाच उचलला गेला. सांगाडा भिंतीत कसा अडकवलाय, चिऱ्याची भिंत ती ओढ सोसेल का, हे इंजिनिअरने बघायचं काम आहे आणि ते मे महिन्याच्या आत करून घ्या.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यावर चढू नका, ते पायाखाली फुटतात, आणि त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ड्रिल मारून धूळ उडवायची नाही. घर दोन मजली असेल, उतार कौलारू घरासारखा उभा असेल किंवा तुम्ही एकटेच असाल तरीही माणूसच बोलवा.

माणूस येईल तेव्हा त्याला तो खडूचा गोल, फुटांची मापं लिहिलेला कागद आणि झडीत गळतं की सरळ पावसात हे सांगा. नाहीतर तोही वर जाऊन सगळीकडे सिलिकॉन मारून जाईल.